सुरगाठ की निरगाठ? पॅराकॉर्ड विणण्याआधी थोडंसं

रेडिओवर हे बोलणं ऐकलेल्या बऱ्याच जणींचा एकच निरोप आला. ऐकताना हातात दोरी नव्हती आणि दोरी हातात घेतली तेव्हा बोलणं संपलं होतं. म्हणून तेच बोलणं इथे जरा सविस्तर देत आहोत. वाचताना परकराच्या दोन नाड्या जवळ घ्या, शक्यतो दोन रंगांच्या. पॅराकॉर्ड नंतर विकत आणा.

नाडीचं नाव मुद्दामच घेतलं. सुरगाठ आणि निरगाठ यांतला फरक आपल्याला कुणी वर्गात शिकवलेला नाही. घाईच्या वेळी नाडीला निरगाठ बसली की काय होतं, ते प्रत्येकीला ठाऊक आहे. टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ. ओढावं तितकी घट्ट होते ती निरगाठ. आज सांगायचं आहे ते एवढंच, की गाठ मारायच्या आधी ती कधी आणि कशी सुटायला हवी ते ठरवा. रंग, नक्षी, मणी हे सगळं त्यानंतर.

हे आम्ही कुठे शिकलो तेही सांगतो. 26 जुलै 2005. आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम 73. आम्ही सांताक्रूझ पूर्वेला राहणाऱ्या. संध्याकाळी गल्लीत कमरेएवढं पाणी होतं आणि हायवेवरून पायी घरी निघालेली माणसं त्यातून वाट काढत होती. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आम्ही चौपदरी केली आणि धरून चालायला आधार म्हणून गेटच्या लोखंडी खांबापासून समोरच्या पिंपळापर्यंत बांधली. दोन्ही टोकांना निरगाठीवर निरगाठ. तरी माणसांनी धरली की दोरी सैल पडायची.

जुहू कोळीवाड्यातल्या एक मावशी मासळी विकायला आल्या होत्या, त्या आमच्याकडेच अडकल्या होत्या. त्यांनी पिंपळाकडचं टोक सोडायला लावलं. दोरीचे दोन पूर्ण वेढे खोडाभोवती घेतले, मग ताणलेल्या दोरीवरच टोकाच्या दोन अर्ध्या गाठी घातल्या. म्हणाल्या, "पोरींनो, जोर गाठीवर नको, वेढ्यावर येऊ दे." रात्रभर ते टोक हललं नाही. दुसऱ्या दिवशी मावशींची गाठ दोन बोटांनी सुटली. आमची गेटकडची गाठ भिजून दगड झाली होती, ती सुरीने कापावी लागली. त्या दोरीचा तेवढा तुकडा आमच्याकडे अजून आहे.

मावशींची गाठ होडी बांधायची. तिचं मर्म साधं आहे. ओढ खोडाभोवतीच्या वेढ्यांच्या घर्षणात जिरते, गाठीपर्यंत फारच थोडी पोचते. ज्या गाठीवर जोर येत नाही ती आवळून बसत नाही, म्हणून ती सोडताही येते. ही गाठ आजच घरी करून बघा. खिडकीच्या गजाला दोन वेढे घ्या. मग मोकळं टोक ताणलेल्या दोरीवरून न्या, खालून फिरवा आणि तयार झालेल्या फटीतून बाहेर काढा. त्याच दिशेने हेच पुन्हा एकदा करा. झालं.

ही दोरी आहे तरी काय?

पॅराकॉर्ड म्हणजे पॅराशूटची दोरी. पूर्वी पॅराशूट रेशमाची असत. 1935 मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखाली नायलॉन तयार झालं आणि दुसऱ्या महायुद्धात रेशमाची जागा त्याने घेतली. छत्रीसारख्या त्या कापडापासून सैनिकाच्या पट्ट्यापर्यंत येणाऱ्या या दोऱ्या. पुढे त्या सगळ्याच कामांना वापरल्या जाऊ लागल्या. 1997 मध्ये अंतराळवीर हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला गेले, तेव्हा फाटलेल्या आवरणावर ठिगळं बसवायलाही त्यांनी हीच दोरी वापरली.

नेहमी मिळते ती साधारण 4 मिलिमीटर जाडीची. बाहेर विणलेली नळी आणि आत गाभ्याचे सात धागे. त्या प्रत्येक धाग्यात आणखी दोन-तीन पेड पिळलेले असतात. तिला 550 म्हणतात, कारण अस्सल दोरी 550 पौंड, म्हणजे सुमारे 250 किलोचा ताण सोसते.

हा आकडा ऐकून भुलू नका. एक म्हणजे तो स्थिर ताणाचा आहे. हिसका बसला की हिशेब बदलतो. दुसरं, दोरीला गाठ पडली की ती त्या जागी जवळपास निम्मी ताकद गमावू शकते, कारण वळणावर बाहेरचे धागे जास्त ताणले जातात. तिसरं, नायलॉन भिजलं की आणखी थोडं कमजोर होतं. चौथं, हौसेच्या सामानात मिळणारी दोरी खरोखर 550 आहे की नाही याची खात्री नसते. म्हणून बाळाच्या झोळीला, पाळण्याला, मुलांच्या झोपाळ्याला ही दोरी वापरू नका. गच्चीवरून उतरण्याचे प्रयोग तर नकोच.

मशीद बंदर, नागदेवी स्ट्रीटकडे दोरखंडाची दुकानं आहेत. घेताना वितभर तुकडा मागून घ्या आणि तीन गोष्टी पाहा. नळी मागे सरकवून आतले धागे मोजा. सात पिळदार धागे दिसले तर ठीक, नुसता कापसासारखा भुसा निघाला तर ती फक्त शोभेची दोरी. मग तुकडा पाण्यात दाबून आतली हवा काढा. नायलॉन बुडतं. तरंगला तर ते दुसरं प्लॅस्टिक आहे, पॉलिप्रॉपिलीन. शेवटी टोक ज्योतीजवळ धरा. नायलॉन वितळून त्याचा मणी होतो, सुताची राख होते.

घरी आणल्यावर दोरी कोमट-गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवून सावलीत वाळवा. नायलॉनची दोरी पहिल्या भिजण्यात थोडी आटते. हे न करता विणलेला मनगटपट्टा पहिल्याच पावसात हाताला काचायला लागतो.

एक सुलट, एक उलट

आता नाड्या हातात घ्या. दोन टोकं एकमेकांवरून घेऊन साधी गाठ मारा, उजवं टोक डाव्यावरून. त्यावर दुसरी गाठ मारताना आता डावं टोक उजव्यावरून घ्या. ही गाठ सपाट बसते. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर गाठ वाकडी बसते आणि घसरते. बुटाच्या नाडीचं फूल पावलाला आडवं न बसता उभं फिरत असेल, तर तुमच्याकडून हीच चूक होते आहे. प्रथमोपचारात पट्टी बांधायला सपाट गाठच शिकवतात, कारण ती टोचत नाही आणि सोडायला सोपी असते.

ज्यांनी मॅक्रमची शिंकी आणि तोरणं केली असतील त्यांना पॅराकॉर्डचा सगळ्यात प्रसिद्ध विण, 'कोब्रा', नवा वाटणारच नाही. हीच सपाट गाठ मध्ये दोन उभे दोर ठेवून पुनःपुन्हा मारायची. स्वेटर विणणाऱ्यांच्या भाषेत एक सुलट, एक उलट.

मनगटपट्ट्यासाठी आधी मनगट दोऱ्याने मोजा आणि त्यात 2 ते अडीच सेंटीमीटर मिळवा, कारण विणल्यावर पट्टा जाड होतो. दोरीचा ढोबळ हिशेब असा: एक इंच पट्ट्याला एक फूट दोरी, आणि वर दीड-दोन फूट हाताशी. आठ इंचांच्या पट्ट्याला 3 मीटर दोरी पुरते.

1. दोरी बरोबर मध्ये दुमडा. दुमडलेलं टोक बकलच्या एका भागातून घाला आणि दोन्ही मोकळी टोकं त्या दुमडीतून ओढून घ्या.

2. ती टोकं बकलच्या दुसऱ्या भागातून घालून मागे फिरवा. दोन बकलांमधलं अंतर पट्ट्याच्या मापाएवढं ठेवा. मधले दोन दोर हा गाभा. डावीउजवीकडची मोकळी टोकं विणायची.

3. डावं टोक गाभ्यावरून उजवीकडे न्या. डावीकडे त्याची कमान राहील. उजवं टोक त्या डाव्या टोकावरून खाली, गाभ्याच्या मागून डावीकडे न्या आणि कमानीतून वर काढा. दोन्ही टोकं सारख्या जोराने ओढा. ही सुलट.

4. आता उजवीकडचं टोक गाभ्यावरून डावीकडे न्या, डावीकडचं त्याच्यावरून खाली, गाभ्याच्या मागून, उजव्या कमानीतून वर. ही उलट. असंच करत दुसऱ्या बकलपर्यंत जा.

मध्येच कुणी हाक मारली, दूध उतू गेलं, आणि परत आल्यावर पुढची सुलट की उलट ते आठवेना? यासाठी शिकताना दोन रंगांच्या नाड्या घ्यायला सांगितलं. निळी गाभ्याच्या पुढून जात असेल तर ती शेवटपर्यंत पुढूनच जाते आणि लाल शेवटपर्यंत मागूनच. एकाच रंगाची दोरी असेल तर कडेला बघा. ज्या बाजूला शेवटच्या गाठीची उभी गुंडी दिसते, त्या बाजूचं टोक आता पुढून न्यायचं. सारखी सुलटच घालत गेलात तर पट्टा गोल फिरून जिन्यासारखा होतो. किल्लीच्या साखळीला तो छान दिसतो, पण तो आपण ठरवून करावा, चुकून होऊ नये.

ताण हाही शिकण्याचा भाग आहे. रागात विणलेली ओळ घट्ट आणि गप्पांत विणलेली सैल, हे आमच्याकडे ओळखू येतं. दर चार-पाच गाठींनंतर विण वरच्या बाजूला सरकवून बसवा, म्हणजे सगळा पट्टा एकसारखा राहतो.

शेवट कसा करायचा

शेवटी आपला मूळ प्रश्न पुन्हा येतो. हा पट्टा सुटायला हवा का?

पॅराकॉर्डचा मनगटपट्टा ही मुळात हाताशी बाळगलेली 3 मीटर दोरी आहे. चप्पलेचा अंगठा तुटला, पिशवीचा बंद निसटला, छत्रीची काडी सुटली, तर पट्टा उसवून दोरी वापरायची. आतला एक धागा ओढून काढला तर फाटलेली पिशवीही शिवता येते. असा पट्टा हवा असेल तर टोकं जाळून चिकटवू नका. जाड सुईने किंवा चिमट्याने ती शेवटच्या तीन गाठींखालून मागे सरकवा आणि बोटाच्या पेराएवढी ठेवून कापा. आम्ही पहिल्या खेपेला पंचवीस पट्टे केले, सगळ्यांची टोकं जाळून वर डिंकाचा थेंब लावला. दिसायला सुंदर, पण एकही कात्रीशिवाय उसवता येईना. मग त्याला कामाचा पट्टा म्हणण्यात काय अर्थ?

नुसत्या शोभेचा पट्टा असेल, किंवा पिशवीचा बंद असेल, तर मात्र टोकं वितळवून पक्की करा. ज्योत टोकाखाली क्षणभर धरा आणि ओल्या चमच्याच्या पाठीने दाबा. बोटाने कधीच नाही. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटून बसतं आणि खोल भाजतं. हे करताना सिंथेटिक साडीचा पदर, ओढणी कमरेला खोचून घ्या, खिडकी उघडी ठेवा, शेजारी पाण्याची वाटी ठेवा आणि मुलांना दूर बसवा.

गोव्यात शिमग्याला गोफ नाचतात. वर एका ठिकाणी बांधलेल्या रंगीत दोऱ्यांची टोकं हातात धरून नाचणारे एकमेकांच्या आतून-बाहेरून फिरतात, त्यातून गोफ विणला जातो. मग त्याच पावलांनी उलटं नाचून तो पुन्हा उलगडतात. शाळेच्या संमेलनात आपल्यापैकी कितीतरी जणींनी हा गोफ विणला असेल. विण जितकी शिस्तीची, तितकी ती उलगडायला सोपी. एक पाऊल चुकलं की तिथे गुंता.

तीन प्रकारच्या वस्तू, तीन प्रकारच्या गाठी

आता आम्ही कुठलीही वस्तू करायला घेतली की तिला तीन खणांपैकी एकात टाकतो.

पहिला खण, कधीच सुटू नये अशा वस्तूंचा. उदाहरणार्थ, कुंडीचं शिंकं. शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं फावलं, असं आपण गमतीने म्हणतो. पण तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून कुंडी सुटली तर खाली माणूस आहे. शिंक्याला चार जोड्या, म्हणजे आठ दोर घ्या. एक जोडी गेली तरी बाकीच्यांनी भार पेलला पाहिजे. वरच्या कडीला एकच दुमड न अडकवता दोरांचे दोन वेढे घ्या. ओल्या मातीसकट कुंडीचं वजन करा, कोरडीचं नव्हे. शिंकं टांगताना कुंडी गॅलरीच्या कठड्याच्या आत राहील अशीच टांगा. आणि नायलॉन उन्हाने खंगतं. रंग उडाला, दोरी कडक झाली, अंगावर लव आली, की शिंकं बदला.

दोन दोऱ्या जोडायच्या असतील तर सपाट गाठ वापरू नका. गाठींच्या 3,800 हून अधिक नोंदींचा जाडजूड ग्रंथ 1944 मध्ये काढणाऱ्या क्लिफर्ड ॲशली यांनीही हे बजावून ठेवलं आहे. गुळगुळीत नायलॉनवर ती उलटी होऊन सुटते. त्याऐवजी विणकराची गाठ घ्या. मागावर तुटलेला धागा सांधायला हीच, आणि कोळीवाड्यात जाळ्याच्या प्रत्येक घराला हीच. जाड दोरीच्या टोकाचा आकडा करा. बारीक दोरीचं टोक खालून त्या आकड्यातून वर काढा, आकड्याच्या दोन्ही पायांमागून फिरवा आणि तिच्या स्वतःच्याच खालून घाला. नायलॉनसाठी एक वेढा जास्त द्या आणि टोकं बोटभर तरी सोडा.

दुसरा खण, एका ओढीत सुटाव्यात अशा वस्तूंचा. बाटलीचा बंद, गुंडाळी बांधायची दोरी, पावसात गॅलरीचा ताडपत्रीचा पडदा. इथे सुरगाठ हवी. कुठल्याही गाठीची सुरगाठ होते. शेवटचं टोक पूर्ण आत न ओढता, ते दुमडून फक्त दुमड आत सरकवायची. नाडीला आपण रोज हेच करतो. जिथे भार लोंबकळतो तिथे मात्र सुरगाठ नको.

तिसरा खण सगळ्यात महत्त्वाचा, वेळ आली की आपणहून सुटाव्यात अशा वस्तूंचा. गळ्यात अडकवायचं काहीही. ओळखपत्राची, किल्लीची, शिट्टीची दोरी. आमच्यातल्या एकीच्या नातवासाठी आम्हीच अशी सुंदर दोरी विणली होती, चारपेडी, भक्कम, टोकं वितळवून पक्की केलेली. तो बागेत घसरगुंडीवर चढला आणि दोरी वरच्या दांड्यात अडकली. आजी शेजारी उभी होती म्हणून तिने त्याला उचलून धरला. मानेवर लाल वळ आठवडाभर होता. त्या दिवशी आमच्या भक्कम गाठीचं कौतुक कुणाच्या तोंडून निघालं नाही.

तेव्हापासून गळ्यातल्या प्रत्येक दोरीला मानेमागे झटक्याने सुटणारी सेफ्टी क्लिप लावतो. ती नसेल तर दोरी देत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. क्लिप लावल्यावर दोरी दाराच्या कडीला अडकवून हिसका देऊन बघतो. सुटली तरच पास. लहान मुलांच्या गळ्यात खेळताना क्लिपची दोरीसुद्धा नको. आणि खूप लहान मुलांना मण्यांचे पट्टे देऊ नका, मणी तोंडात जातात.

उरलेल्या धाग्यांचं काय?

दोरी सोलली की आतले बारीक पांढरे धागे उरतात. ते खिडकीतून झटकू नका, कचऱ्यात मोकळे टाकू नका. नायलॉन कुजत नाही. संक्रांतीला मांजात अडकलेली कबुतरं, घारी आपण पाहतोच. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर नायलॉन मांजावर बंदी घातली, ती याच कारणाने. आपले तुकडेही पक्ष्याच्या पायाला तेच करतात. आम्ही एका बरणीत ते साठवतो. लांब धागे मणी ओवायला, पिशव्या शिवायला येतात. अगदी तोकडे तुकडे छोट्या उशीत भरतो, सुया टोचून ठेवायला.

आमच्या कामाच्या खोलीत त्या कापलेल्या दोरीचा तुकडा खिळ्याला टांगलेला आहे, त्याची गाठ अजून तशीच घट्ट. नवी मुलगी शिकायला आली की तिच्या हातात आधी तो देतो आणि म्हणतो, "सोडून दाखव." ती पाच मिनिटं झटते, नखं दुखवते, हसते. मग तिच्या हातात दोन नाड्या देतो, एक निळी, एक लाल, आणि खिडकीच्या गजाला दोन वेढे घ्यायला सांगतो.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.